सव्वा डिग्री

इंटर सायन्सला मी दोनदा नापास झालो, आणि दोन्ही वेळा फिजिक्समध्येच. पहिल्या वेळी पेपर कठीण होता असं घरी सांगितलं. दुसऱ्या वेळी ती सोय राहिली नाही, कारण माझ्याच खोलीत राहणारे तिघं पास झाले होते. अमरावतीहून ट्रंक उचलली, उंद्रीला घरी आलो, आणि महिनाभरानं चिखलीच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो. दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. मॅट्रिक झालेला माणूस मिळणं तेव्हा सोपं नव्हतं, म्हणून मला घेतलं. घेताना हेडमास्तरांनी सांगून ठेवलं, "तुम्ही इंटर झालात तर ठीक. नाही झालात तर पुढच्या जूननंतर ही जागा मी तुमच्यासाठी धरून ठेवू शकणार नाही."

रोज सहा तास शिकवायचे. गणित, भूगोल, आणि शेवटच्या तासाला कवायत. वर्गात मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचा एक नकाशा टांगलेला होता. त्यावर छडी फिरवत मी नद्या सांगायचो, आणि सांगता सांगता माझेच डोळे मिटू लागायचे. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात फिजिक्सचं पुस्तक उघडून बसायचं. उजेड असेपर्यंतच अभ्यास व्हायचा, कारण रॉकेल रेशनवर मिळायचं आणि घरमालकीण कंदिलाची वात दोन बोटांवर जाऊ देत नसे. त्या तास-दीड तासात मी एकच प्रकरण पुन्हा पुन्हा वाचायचो. फेकलेल्या वस्तूचं. चेंडू फेकला, दगड भिरकावला, तोफेतून गोळा सुटला, तर तो किती उंच जाईल, किती वेळानं आणि किती दूर पडेल.

दोन्ही वेळा मी तिथंच बुडालो होतो. पहिल्या वर्षी तीस अंशांच्या कोनात सुटलेल्या गोळ्याचं उदाहरण होतं. मी सगळाच्या सगळा वेग वर चढायला देऊन टाकला, त्याचे दोन भाग करायचे विसरलो. माझा गोळा कागदावर दुप्पट वेळ आकाशात राहिला. दुसऱ्या वर्षी बुरुजावरून सुटलेला गोळा होता. तिथं वजाच्या जागी अधिक लिहिलं. पेपर देऊन बाहेर आल्यावर मित्राशी ताडून पाहिलं, तर माझा गोळा जमिनीवर पडायच्या ऐवजी बुरुजाच्या दुप्पट उंचीवर हवेतच येऊन थांबला होता. मित्र हसला. मीही हसलो. सूत्रं पाठ होती. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवली असती. ती कुठून आली आणि कुठं लावायची, हे मात्र मला कधी कळलंच नव्हतं. सगळं इंग्रजीतून शिकलो होतो, आणि समजून घ्यायचं राहून गेलं होतं.

शनिवारी अर्धी शाळा झाली की मी उंद्रीला जायचो. खामगावकडे जाणारी एक मोटार होती. पेट्रोल मिळत नसल्यानं ती कोळशाच्या गॅसवर चालायची. मागच्या बाजूला भट्टी बांधलेली. चढ आला की तिचा दम जायचा, आणि ड्रायव्हर उतरून सळईनं भट्टी ढोसत बसायचा. असं वाटेत दोन-तीनदा तरी व्हायचं. लोक खाली उतरून सावली बघायचे.

अशाच एका शनिवारी मी बाभळीखाली वही उघडून बसलो होतो. उदाहरण सोपं होतं. सेकंदाला आठशे फूट वेगानं, तीस अंशांच्या कोनात गोळा सुटला, तो किती दूर पडेल. मी गोळ्याच्या वाटेची कमान काढली आणि तिच्याकडे बघत राहिलो. शेजारी एक माणूस येऊन उकिडवा बसला. तिशीचा असेल. अंगात मिलिटरीचा खाकी शर्ट, पायात तसेच जाड बूट, डोक्याला मात्र घरचं मुंडासं. त्यानं मान वाकडी करून वहीत पाहिलं.

"हे तं तोफंचं हाय, मास्तर."

"तोफेचं नाही, परीक्षेचं आहे," मी म्हणालो.

"काय म्हन्ले? या अंगानं बोला. डाव्या कानानं आयकू येत नाई."

मी उठून त्याच्या उजव्या बाजूला बसलो आणि पुन्हा सांगितलं. तो तोफखान्यात होता. ब्रह्मदेशात खेचरांवर लादून न्यायच्या पहाडी तोफेवर होता. दोन महिन्यांपूर्वी फौजेतून सुटून आला होता. आमच्या उंद्रीच्याच शिवारात त्याच्या भावाचा भाजीचा मळा होता. मी त्या मळ्याला ओळखत होतो, त्याला ओळखत नव्हतो. तो लहानपणीच मामाकडे गेला होता आणि तिकडूनच भरती झाला होता.

"यात हवा कुठी हाय?" त्यानं कमानीवर बोट ठेवलं.

"हवा धरायची नाही असं लिहिलंय."

"कोनं लिहिलं?"

"पुस्तकानं."

"त्याले म्हना, एक डाव ब्रह्मदेशात ये पावसाळ्यात." मग तो म्हणाला, "आमाले आकड्यायचं टेबल देत. इतके यार्ड, तं इतकी डिग्री, इतके मिनिट. म्या चाक फिरवून नळी लावो. चार वर्सं लावली. पन ते टेबल कोन करते, कसं करते, कोनी नाई सांगतलं. तुमाले येते का?"

येत नाही, असं म्हणायला जीभ वळली नाही. मास्तर म्हणून त्यानं विचारलं होतं. आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मला ते सगळं आमच्या बोलीत सांगावं लागलं. आजवर मी ते तसं कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

"पाहा भाऊ," मी म्हणालो, "गोळ्याले दोन कामं हायत. एक पुढं जायचं. दुसरं वर जाऊन खाली यायचं. नळी तिरपी असते म्हून दोन्ही कामं संगंच चालू होतात. आठशेचा वेग हाय, त्यातला चारशे वर जायच्या कामाले भेटला. धरती त्याले खाली वढते. दर सेकंदाले बत्तीस फूट वेग खाऊन टाकते. चारशे खायले तिले किती सेकंद लागतीन?"

त्यानं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. "बत्तीस बारे तीनशे चौऱ्याऐंशी. राह्यले सोळा, ते अर्धे. साडेबारा सेकंद."

"बरोबर. जायले साडेबारा, यायले साडेबारा."

"पंचवीस."

"हाव. आन् हे पंचवीस सेकंद तो पुढंबी जाऊनच राह्यला. पुढं जायच्या कामात धरती हात घालत नाई. तो वेग सुरवातीले जितका, तितकाच शेवटपर्यंत."

त्यानं कमानीवरून बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. "म्हंजे वरचं काम सरलं, की पुढचंबी सरलं," तो म्हणाला. "जमिनीले टेकला म्हून."

"हाव."

"मंग वरचं काम पाह्यलं की वेळ समजते, आन् वेळ समजला की पुढचं समजते."

मी वही मांडीवर घेतली आणि सूत्र न आठवता ते उदाहरण सोडवलं. सतरा हजार तीनशे वीस फूट. मागचं पान उलटून उत्तर पाहिलं. बरोबर होतं. आनंद व्हायला हवा होता. पण मला आधी रडूच आल्यासारखं झालं. दोन वर्षं गेली होती या एवढ्याशासाठी. तेवढ्यात भट्टी पेटली आणि ड्रायव्हरनं हाक मारली.

त्यानंतर दर रविवारी दुपारी मी त्याच्या मळ्यावर जायला लागलो. मोटेचे बैल उन्हाच्या वेळी सोडलेले असत. विहिरीजवळच्या चिंचेखाली आम्ही बसायचो. मी इंग्रजी उदाहरण मनातल्या मनात वाचायचो आणि त्याला आमच्या भाषेत सांगायचो. तो काडीनं मातीत कमान काढायचा. त्याला लिहिता जेमतेम येत होतं, पण प्रश्न विचारायला तो भीत नसे. बुरुजावरून गोळा सोडला तर तो म्हणायचा, "खाली किती पडन ते वर किती गेला त्याच्या उलटं धरा ना." मग माझं अधिक आणि वजा आपोआप जागेवर बसायचं. त्याची बायको मिरचीच्या वाफ्यांतून तण काढत असायची. ती कधी आमच्यात बोलत नसे, पण जाताना माझ्या पिशवीत दोन-चार वांगी टाकायची.

माझे वडील वैतागायचे. आठवड्यातून एकच दिवस मी घरी असायचो, आणि तोही मळ्यावर काढायचो. "काऊन बे," ते म्हणायचे, "परीक्षा त्या मिलिटरीवाल्याले द्यायची हाय का तुले? एखांदा हुशार मास्तर पाह्य ना." एवढं थकलेलं असताना वाद घालायचीही ताकद लागते. सोमवारी पहाटे उठून पुन्हा चिखली गाठायची असायची.

माघ महिन्यात एका रविवारी मी गेलो तर तो काही विचारेना. मी दोन उदाहरणं सांगितली. त्याचं लक्ष नव्हतं. काडी हातात होती, पण मातीत काही काढत नव्हता. मग एकदम म्हणाला, "मास्तर, एक उदाहरन माझं करसान का?"

"सांगा ना."

"मधात पहाड. पल्याड दुस्मन. अल्याड आपलं पायदळ, पहाडाच्या पोटाशी बसलेलं. आमची तोफ त्यायच्याबी मागं. मार चार हजार यार्डाची. पहिला गोळा बराबर पडला. दुसरा बराबर पडला. तिसरा तीनशे यार्ड कमी पडला."

"कमी म्हणजे..."

"आपल्याच लोकायत. दोघं गेले."

मी मागं वळून पाहिलं. त्याची बायको लांब वाफ्यात होती. तिला ऐकू गेलं नसावं.

"नळी म्या लावली होती," तो म्हणाला. "तीन दिवस फायर चालू होता, डोये उघडे राहत नोते. फोनवर खबर आली, तवा कप्तान साहेब पळत आले. चाक पाह्यलं. पन तवरोक धक्क्यानं चाक हाललेलं. त्याच्यावरून काई समजेना. कोनी म्हने नळी चुकली. कोनी म्हने बारूद ओली होती, जोर कमी पडला. साहेबानं तिथंच उभ्या उभ्या लिहून टाकलं, बारूद ओली. मले म्हने, तुमची चूक नाई, चाला, फायर."

"मग झालं ना भाऊ. साहेबांनीच सांगितलं."

"साहेबाले तोफ चालू ठेवायची होती, मास्तर. मी त्याच्या जागी असतो तं मीबी तेच लिहिलं असतं." त्यानं काडी मोडली. "तुमच्या ह्या हिसोबात ते निघन का? नळी चुकली का बारूद?"

मी म्हणालो, आमच्या पुस्तकात हवा धरत नाहीत, खऱ्या तोफेचं त्यातून कसं निघेल?

"नका धरू. हवा तिन्ही गोळ्यायले सारखीच होती."

मी विचारलं, नळी किती वर होती?

"चाळीस डिग्री. पुरी वर. त्या तोफेची नळी त्याच्यावर जातच नोती."

तो आठवडा मला अजून आठवतो. चाचणी परीक्षेचे पेपर तपासायला आले होते. दिवसभर शिकवून घसा बसलेला असायचा. शाळा सुटली की मी पेपरांचा गठ्ठा बाजूला सारायचो आणि लॉगॅरिथमच्या फाटक्या पुस्तकात आकडे शोधत बसायचो. परीक्षेतली उदाहरणं चुकली तर मी नापास होणार होतो. हे चुकलं तर काय होणार होतं, ते मला सांगता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक आकडा तीन-तीनदा काढला.

शुक्रवारी ते निघालं. चाळीस अंशांवर नळी असेल, तर कोन थोडा हलल्यानं गोळ्याच्या पल्ल्यात फारसा फरक पडतच नाही. नळी खाली येते तेव्हा गोळा हवेत कमी वेळ राहतो, पण पुढं जायचा वेग वाढतो. एकातलं नुकसान दुसरं बरंचसं भरून काढतं. चार हजार यार्डांत तीनशे यार्ड कमी पडायला नळी सात अंशांहून जास्त चुकायला हवी. बारुदीचं तसं नव्हतं. शंभरात चार एवढा वेग जरी कमी पडला, तरी गोळा तीनशे यार्ड अलीकडे पडतो. म्हणजे त्याचा हात नव्हे. बारूद.

मी फळ्याजवळ उभा राहिलो. कितीतरी दिवसांनी अंग हलकं वाटलं. मग, हाताला चाळा म्हणून की परीक्षेत विचारतील म्हणून, मी तोच हिशेब दुसऱ्या कोनांना करून पाहिला. तीस अंश, वीस अंश, पंधरा. नळी जितकी आडवी, तितकी हाताची चूक महाग. पंधरा अंशांवर नळी असेल तर तीनशे यार्ड कमी पडायला सव्वा डिग्री पुरते. मी तो कागद वहीच्या शेवटी घालून ठेवला. तो चाळीस म्हणाला होता. मग पंधराचं सांगायचं कारण काय?

रविवारी मी त्याला चाळीसचं सांगितलं. त्यानं ते तीनदा वदवून घेतलं.

"सात डिग्री?"

"सातच्या वर."

"सात डिग्री तं आंधळाबी चुकत नाई, मास्तर."

"तेच तर."

तो उठला, बैल जुंपले, आणि उन्हातच मोट सुरू केली. मी थोडा वेळ बसून घरी आलो. पुढच्या शनिवारी त्याची बायको आमच्या दारात आली. टोपलीत वांगी आणि वर मेथीच्या जुड्या. माझ्या आईजवळ टोपली दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय सांगतलं मास्तरनं त्यायले? आल्यापासून दोन घास खाऊन उठत. आता जेवून राह्यले धड." आई माझ्याकडे बघायला लागली. मला मात्र तो वहीच्या शेवटी ठेवलेला कागदच आठवत राहिला.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. मधल्या सुट्टीत मी पायरीवर बसून भाकरी खात होतो. फाटकातून तो आत आला. पहाटे निघून उंद्रीहून पायी आला होता. बूट धुळीनं पांढरे झाले होते. मी सरकून त्याला उजव्या बाजूनं जागा करून दिली आणि अर्धी भाकरी पुढं केली. ती त्यानं हातात धरून ठेवली.

"मास्तर, म्या तुमाले चाळीस सांगतलं."

"हो."

"ते खरं असन-नसन, मले सांगता येत नाई. बारूद कमी घातली तं नळी वर, जास्त घातली तं नळी खाली. चार हजार यार्ड दोन्हीनंबी जाता येते. त्या रोजी दोन्ही झालं होतं. सकायी नळी खाली होती, दुपारून वर. का सकायी वर होती. आता मले डोयापुढं दोन्ही दिसतात." त्यानं हातातली भाकरी उलटली. "मले बरं वाटावं म्हून मीच चाळीस म्हन्लं असन. पंधरा असन तं काय निघते?"

घंटा व्हायला पाच-सात मिनिटं होती. मला सहज म्हणता आलं असतं, पंधराचंही तेच निघतं. त्याला ते ताडून बघता आलं नसतं. बहुतेक त्यानं विश्वासही ठेवला असता. पण हा माणूस वीस मैल चालून आला होता, आणि दोन महिने माझ्यासमोर मातीत कमानी काढत बसला होता. तीच गोष्ट मी त्याला उलटी कशी सांगणार?

"सव्वा डिग्री," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "सव्वा डिग्री चुकू शकते हात. तीन दिवस निजलो नोतो."

"पण बारूदही असू शकते भाऊ. पंधराला असो की चाळीसला, वेग तेवढा कमी पडला की गोळा तेवढाच कमी पडतो. ते बदलत नाही."

"म्हंजे दोन्हीतून काईबी असन."

"हो."

"मंग समजत नाई."

"नाही समजत," मी म्हणालो. "मी पुष्कळ केलं. माझ्याकडून यापुढं जात नाही."

मला वाटलं, आता हा उठून जाईल आणि पुन्हा माझं तोंड बघणार नाही. आणि मी ते आधीच लपवून ठेवलं होतं, हेही सांगून टाकावं असं वाटलं, म्हणून सांगितलं. "पंधराचं मी तेव्हाच काढलं होतं. तुम्हांला सांगितलं नाही."

"ते दिसलं होतं मले," तो म्हणाला. "तुमी बोलताना वहीवर हात ठेवून होते." मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "साहेबानं चार मिनिटांत सांगतलं होतं. तुमी दोन महिने लावले आन् नाई समजत म्हन्ता." तो कौतुक करतोय की टोमणा मारतोय, ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. भाकरी संपवून तो पाणी प्यायला, आणि म्हणाला, "त्या दोघायची गावं मले ठाऊक नाई. इचारलं होतं. कोनी सांगतलं नाई." घंटा झाली. मी वर्गात गेलो. भूगोलाचा तास होता. खिडकीतून तो फाटकाबाहेर जाताना दिसला, आणि मी पूर्णा नदी दोनदा सांगितली.

परीक्षेत गोळ्याचं उदाहरण आलं. कप्पीच्या उदाहरणाला पर्याय म्हणून दिलं होतं. मी तेच घेतलं आणि वीस मिनिटांत सोडवलं, वेग दोन भागांत तोडून, वरच्या कामाला वेळ काढून. उष्णतेचं उदाहरण मात्र पार बिघडलं. तिसऱ्या वर्गात पास झालो. गुणपत्रिका घेऊन आलो तेव्हा वडील ओसरीवर सुतळी वळत होते. "झाला का?" त्यांनी विचारलं. झालो म्हणालो. "मंग आता झोप जरासा," ते म्हणाले. मी दोन दिवस झोपून होतो. जूनमध्ये हेडमास्तरांनी जागा कायम केली आणि आणखी एक तास वाढवून दिला.

मळ्यावर मी त्या उन्हाळ्यात तीन-चारदा गेलो. आम्ही उदाहरणं केली नाहीत. त्यानंही तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. पाण्याबद्दल बोललो, भावांच्या वाटणीबद्दल बोललो. तो पुन्हा कमी जेवायला लागला होता का, हे त्याच्या बायकोला विचारायचं धाडस मला झालं नाही. पुढच्या वर्षी वाटणी झाली. तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी, वडनेर भोलजीला गेला. सासऱ्याला मुलगा नव्हता, तिथं शेती बघायला माणूस हवा होता.

पाच-सहा वर्षांनी एका लग्नाला मी वडनेरला गेलो होतो. मांडवात कोणीतरी मागून दंड धरला. तोच होता. अंगानं भरला होता, केस कानाजवळ पांढरे झाले होते, आणि आता उजव्या कानानंही कमी ऐकू येत होतं. जवळच्या लोकांना ओरडून सांगायला लागला, "हे माझे मास्तर हायत." लोकांनी आश्चर्यानं पाहिलं, कारण मी त्याच्याहून सात-आठ वर्षांनी लहान होतो. जेवणं झाल्यावर त्यानं मला शेतावर नेलं. मिरचीची पानं आकसली होती. झाडं उपटावीत की ठेवावीत यावर आम्ही बराच वेळ बोललो. बायकोनं चहा केला. तिनं माझ्या आईची चौकशी केली. आई वारली असं सांगितल्यावर तिनं माझा कप पुन्हा भरला.

त्या रविवारी संध्याकाळी त्यानं बैलगाडीनं मला नांदुऱ्याला स्टेशनवर आणून सोडलं. वाटेत विचारलं, "आता काय शिकवता?"

मी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, "तेच. मॅट्रिकच्या वर्गाले गणित."

"समजते का पोरायले?"

"दोन-चारायले समजते."

"बाकीचे?"

"बाकीचे पाठ करतात."

तो हं म्हणाला आणि बैलांना हाकललं. चिखलीला जायला मला आधी जलंबकडे जाणारी गाडी धरायची होती, आणि ती दोन तास उशिरा येणार होती. तो थांबतो म्हणाला. मी नको म्हणालो, त्याला घरी जाऊन बैल सोडायचे होते. तो गेला. फलाटावर बाकडं रिकामं होतं. लग्नाची दगदग, दोन दिवसांचं जागरण. पिशवी उशाला घेऊन मी आडवा झालो. डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी येऊन गेली होती, आणि सोमवारच्या पहिल्या तासाला चिखलीत पोचणं आता काही शक्य नव्हतं.